पेढीवरचा दिवा : एक अल्प इतिहास

आपल्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासाविषयी काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. वंशावळी व कुलदैवते यांवर माझ्याहून अधिकारी पुरुषांनी पूर्वीच्या अंकांतून लिहिलेच आहे. मी पडलो साधा शाळामास्तर. तेव्हा ज्याच्या उजेडात आपल्या बहुतेक घरांचा चरितार्थ चालला, त्या दुकानातील दिव्याचीच हकीकत सांगावी, असे मनाने घेतले.

आमच्या आजोबांचे भांड्यांचे दुकान नाशिकच्या भांडीबाजारात होते. तांब्यापितळेचा व्यापार हा उजेडाचा व्यापार होय. हंड्याची झिलई वा पातेल्याची कल्हई अंधारात कोण पारखणार? वाणसामान कंदिलाच्या उजेडातही विकता येई. पण कापडवाल्याकडील गिऱ्हाईक लुगड्याचा रंग पाहण्यास ते ओट्यावर उन्हात नेई. त्यामुळे दिवेलागणीनंतर बहुतेक पेढ्यांची आवराआवरच चाले. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला होता; दिवाळी वा लग्नसराईत मात्र गॅसबत्ती पेटे. नाव गॅसबत्ती असले, तरी ती जळे रॉकेलवरच. पंप मारून रॉकेलची वाफ करावयाची आणि ती मेंटलवर जाळावयाची, अशी तिची रचना. या मेंटलची युक्ती ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ च्या सुमारास काढली. दिवा लागताच आजोबा प्रथम त्यास हात जोडीत व मग गल्ल्यास हात लावीत. तो दिवा मंद होता, धुराचा होता. परंतु रॉकेल घरात असेतो तो आपल्या स्वाधीन होता.

विजेचे आगमन व्यापारी पेठेतूनच झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले. पण ते काम घेणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. म्हणजे विजेने व्यापाऱ्यास दिलेला पहिला धडा ‘दिवा लागतो’ एवढाच नसून ‘दिवा जातोही’ असा होता! पुढे १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९५४ मध्ये मुंबई राज्याचे आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे वीज मंडळ स्थापन झाले. आमच्या नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये चालू झाला. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच त्यात आले. दाराशीच वीजघर आल्याने नाशिकला अंधार कसला, असे आम्हा मुलांस वाटे. पण तेथील वीज राज्याच्या सामाईक जाळ्यात जाते. विहीर आपल्या अंगणात असली, तरी पाणी साऱ्या गावाचे, तसाच हा प्रकार.

याचा कडू अनुभव भारनियमनाच्या काळात आला. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, आणि त्याच सुमारास राज्यातील तुटवडा हजारो मेगावॅटवर गेला. ज्या भागात गळती व थकबाकी अधिक, तेथे दिवे अधिक काळ बंद, असा हिशेब होता. प्रामाणिकपणे बिल भरणारा दुकानदारही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसे. मग प्रत्येक ओट्यावर जनित्र आले. अरुंद गल्लीत त्यांचा धूर कोंडे आणि गोंगाटात भाव ऐकू येत नसे. बंद जागेत हा धूर प्राणघातक असतो, हे विसरता कामा नये. शिवाय डिझेलच्या एका लिटरात फार तर तीन-चारच युनिटे निघतात. लहान यंत्रात त्याहूनही कमी. मोठ्या मॉलला हा खर्च पेलला. आपल्या कित्येक लहान दुकानांस तो पेलला नाही.

त्याच काळात पुण्याने एक वेगळा मार्ग दाखविला. २००६ साली तेथील कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवून जाळ्यावरील भार हलका केला, आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून वाटून घेतला. एकट्याने धूर काढण्याऐवजी दहांनी मिळून विचार केला, एवढेच त्याचे मर्म.

आता सौरविजेचे युग आले आहे. आमच्या धाकट्या बंधूंनी तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर पॅनेल बसविले. एका किलोवॅटास सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व दिवसास सरासरी चार युनिटे मिळतात. बिल खरोखरच उतरले. परंतु धनत्रयोदशीस भर दुपारी बाजाराची वीज गेली आणि माथ्यावर ऊन तळपत असता दुकान अंधारले! गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले. बंधूंच्या डोळ्यांत पाणी आले. जाळ्यास जोडलेली साधी सौरयंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. खांबावर काम करणाऱ्या तारतंत्र्यास उलट विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही तजवीज असते. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते. आणि आम्ही विचारले नव्हते, हा दोष आमचा. बॅटरी व तीस जुळणारा हायब्रीड इन्व्हर्टर असल्यासच असा दिवा टिकतो.

म्हणून तरुण बांधवांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रथम खप कमी करावा. जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट खाई, तेवढाच उजेड एलईडी २० वॅटांत देते. दुसरे, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास दाखविते, पण तिच्या आयुष्यासाठी निम्मीच वापरावी. ३०० वॅटांच्या दुकानास ती तीन तास पुरेल. तिसरे, सराफबाजार व भांडीबाजार यांना गोदामाईच्या पुराचे भय आहे. १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर आपण विसरलेलो नाही. तेव्हा बॅटरी व इन्व्हर्टर जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवावे. चौथे, व्यवहार लेखी करावा, आणि ‘वीज गेल्यावर काय चालेल?’ हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा.

घरांसाठी २०२४ मध्ये केंद्र सरकारची सौर अनुदानाची योजना आली, परंतु ती दुकानांस लागू नाही. मग ज्ञातिमंडळाने जाणकारांची एक लहान समिती नेमून बांधवांना योग्य सल्ला द्यावा आणि मिळून खरेदी करून दर उतरवून घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. आपली मुले दुकाने सोडून नोकरीस जात आहेत. त्यांना थांबविण्याचा अधिकार आपणास नाही. पण जो थांबला, त्याचे दुकान उजेडात राहील, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

आजोबांची गॅसबत्ती अजून आमच्या माळ्यावर आहे. बंधूंनी यंदा बॅटरी बसविली, तेव्हा ती खाली उतरवून पुसली आणि नव्या यंत्राशेजारी ठेवून दोहोंस हळदकुंकू वाहिले. दिवा बदलला, हात जोडण्याची रीत बदलू नये, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.