धूसर झालेले पारदर्शक : लाखेपासून ॲक्रिलिकपर्यंत

छत्तीसगडच्या वनांत पळस, बोर आणि कुसुम या वृक्षांवर पोसला जाणारा ‘केरिया लॅक्का’ हा इवलासा कीटक जी राळ स्रवतो, ती म्हणजे लाख. उष्णतेने मऊ होणारी आणि थंड होताच कठीण बनणारी ही राळ मानवाला ज्ञात असलेल्या प्राचीन नैसर्गिक प्लास्टिकांपैकी एक होय. रायपूरच्या बाजारात दिसणाऱ्या लाखेच्या बांगड्या त्याच परंपरेच्या वारसदार आहेत.

कृत्रिम प्लास्टिकाचा प्रवास त्यामानाने अलीकडचा. 1862 च्या लंडन प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेल्या वस्तू मांडल्या. 1870 मध्ये हायट बंधूंना अमेरिकेत सेल्युलॉइडचे पेटंट मिळाले आणि हस्तिदंताची नक्कल करणारे कंगवे, पिना व बांगड्या सामान्य घरांत पोहोचल्या. 1930 च्या दशकात काचेसारखे स्वच्छ ॲक्रिलिक बाजारात आले.

पुढे या वस्तू धूसर झाल्या. परंतु प्रत्येकीचे कारण वेगळे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे 1.49, तर हवेचा जवळपास 1. पृष्ठभागावरील असंख्य ओरखड्यांत हवा असल्याने तेथे प्रकाश विखुरतो आणि वस्तू दुधाळ दिसते. अतिसूक्ष्म ॲल्युमिना पावडरने घासल्यास हे ओरखडे सपाट होतात व पारदर्शकता परतते. मात्र प्रत्येक वेळी मूळ पदार्थाचा पातळ थर कायमचा जातो. धूसरपणा अंतर्गत ताणामुळे पडलेल्या खोल बारीक भेगांचा असेल, तर पॉलिशचा उपयोग होत नाही.

येथेच एक लक्षणीय विरोधाभास आढळतो. ओलाव्याने पांढरट झालेल्या लाखेच्या पॉलिशवर अल्कोहोलचा हलका हात फिरवला की थर पुन्हा एकजीव होऊन चमकतो. तेच अल्कोहोल ताण असलेल्या ॲक्रिलिकला लागले, तर त्याला नव्या भेगा पडतात. एकाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते. म्हणूनच स्वच्छतेपूर्वी पदार्थाची ओळख पटवणे अनिवार्य आहे.

सेल्युलॉइडची गोष्ट अधिक गंभीर. त्यातील कापूर हळूहळू उडून जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि ओलाव्याशी संयोग पावून आम्ल तयार करतात. हे आम्ल त्याच वस्तूचा ऱ्हास वाढवते व शेजारच्या धातूलाही गंजवते. अशा वस्तूवर पॉलिश म्हणजे वरवरचा उपचार. शिवाय हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही आहे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत भारतीय चित्रपटाचा अमूल्य ठेवा नष्ट झाला.

रायपूरचा उन्हाळा 40 अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. उष्णता व ओलावा हे दोन्ही या विघटनाचे मित्र. बंद पेटीत जपलेला आजीचा सेल्युलॉइडचा कंगवा म्हणूनच सुरक्षित नसतो. तेथे साचलेली आम्लवाफ त्याला आतूनच पोखरते. त्याला थंड, कोरडी, हवेशीर आणि इतर वस्तूंपासून वेगळी जागा हवी. गेलेली चमक काही वेळा परत आणता येते. विघटन मात्र केवळ लांबवता येते.