प्रश्नकर्त्याचे स्थान : तीन ज्ञानपरंपरांचा विचार

जगातील तत्त्वज्ञानांची तुलना करताना अभ्यासक बहुधा सिद्धांतांपासून आरंभ करतात. आत्मा आहे की नाही, जग नित्य की अनित्य, यावर कोणी काय म्हटले ते ताडून पाहतात. आमच्या मते त्याआधी एक कसोटी लावली पाहिजे : त्या परंपरेत प्रश्न विचारणाऱ्याचे काय झाले?

बृहदारण्यकोपनिषदात विदेहराज जनकाच्या सभेतील वाद आला आहे. गार्गी एकामागून एक प्रश्न करीत ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो की अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल. गार्गी पुढे पुन्हा प्रश्न करते, हे खरे; परंतु त्याच सभेत शाकल्याला उत्तर देता येत नाही आणि त्याचे मस्तक गळून पडते, असे उपनिषदच सांगते. वादातील पराभवाची किंमत तेथे प्राण ही आहे.

ग्रीसमध्ये सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारपेठेत ज्ञानी म्हणविणाऱ्यांना प्रश्न विचारीत असे. प्लेटोच्या संवादांमुळे ती पद्धत अमर झाली, पण इ. स. पूर्व ३९९ मध्ये नगराच्या न्यायसभेने त्याला देहदंड दिला आणि त्याला विष प्यावे लागले.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर म्हणजेच पाली ग्रंथातील मिलिंद. त्याची राजधानी सागल. बहुतेक संशोधक ती आजच्या पाकिस्तानातील सियालकोट येथे मानतात. ‘मिलिंदपञ्ह’ सांगतो की, राजाने वादाची इच्छा दर्शविताच भिक्खू नागसेनांनी एक अट घातली. पंडितवादाने बोलणार असाल तर बोलू, राजवादाने नाही. पंडित परस्परांचे खंडन करतात, चूक मान्य करतात, पण रागावत नाहीत. राजे मात्र एक मत मांडतात आणि ते न मानणाऱ्यास दंड देतात. मिलिंदाने अट मान्य केली. रथाच्या दृष्टांताने अनात्मवादाची चर्चा त्याआधीच झाली होती; पुढचा संवाद मात्र या अटीवर झाला.

हा ग्रंथ बौद्धांनीच रचला, म्हणून नागसेनांचा विजय हा इतिहासाचा पुरावा ठरत नाही. परंतु विजयाचे वर्णन करण्यापूर्वी वादाची समान भूमी आखून घेणे ग्रंथकर्त्यांना आवश्यक वाटले, याला ऐतिहासिक मोल आहे. सत्ता बाजूस ठेवल्यावाचून प्रज्ञेचा शोध होत नाही, ही जाणीव त्यातून व्यक्त होते.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. त्यास पुढे मिलिंदाचे आणि परिसरास नागसेनांचे नाव लाभले. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या मुलांसमोर जिज्ञासू राजा आणि निर्भय भिक्खू हे आदर्श उभे राहिले.

हा वारसा मिरविणे सोपे आहे, पाळणे कठीण. विहारात प्रवचन संपल्यावर एखादी तरुणी उठून शंका विचारते, तेव्हा आपण तिला पंडितवादाने उत्तर देतो की राजवादाने? इतर परंपरांना लावलेली कसोटी प्रथम आपण स्वतःस लावली पाहिजे.