प्रतिशब्दांची गणना आणि इतिहास

बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराचा इतिहास हा बहुतांशी प्रतिशब्दांच्या निवडीचा इतिहास आहे. तिबेटात नवव्या शतकाच्या आरंभी राजाश्रयाने ‘महाव्युत्पत्ति’ हा संस्कृत-तिबेटी कोश सिद्ध झाला व सुमारे ९,५०० शब्दांचे प्रतिशब्द निश्चित झाले. चीनमध्ये असे बंधन नव्हते. ‘सत्त्व’, म्हणजे सचेतन प्राणी, यासाठी पाचव्या शतकात कुमारजीवाने ‘चोंगशंग’ (अनेक जीव), तर सातव्या शतकात ह्युएन त्संगाने ‘यौछिंग’ (भावनायुक्त) हा शब्द योजला.

संगणकाने प्रतिशब्द जुळविण्याची गणिती पद्धत आयबीएमच्या संशोधकांनी १९९३ साली सविस्तर मांडली. त्यांनी कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी व फ्रेंच वृत्तांत आधारास घेतले. परस्परांचे अनुवाद असलेल्या वाक्यांत कोणते शब्द वारंवार एकत्र येतात, यावरून यंत्र जुळणीची संभाव्यता काढते आणि पुनःपुन्हा गणित करून ती सुधारते.

प्रतिशब्द स्थिर असलेल्या तिबेटी अनुवादांत ही जुळणी सुकर होते. चिनी अनुवादांत ती विभागली जाते. म्हणून आमच्या मते तेथे प्रत्येक अनुवादकाची गणना स्वतंत्रपणे केली पाहिजे. अन्यथा सुमारे अडीच शतकांतील विचारभेद एका सरासरीत लोप पावेल.