अमेरिकन घड्याळें व त्यांचीं ओळखपुस्तकें

जुन्या वाड्यांच्या ओटीवर किंवा माजघरांत लंबकाचें घड्याळ टांगलेलें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें नाहीं, असे वाचक आमच्या पिढींत तरी थोडेच निघतील. त्याला किल्ली देण्याचा मान घरांतील वडील माणसाचा असे. तबकडीवर बारीक अक्षरांत 'अन्सोनिया' किंवा 'सेथ टॉमस' असें कांहीं तरी लिहिलेलें असे. हीं नांवें कोणाचीं व तीं आमच्या भिंतीपर्यंत कशीं येऊन पोंचलीं, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आम्हांलाहि तो पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

तो पडण्यास निमित्त झालें तें असें. आमच्या घरच्या सेथ टॉमस घड्याळाला एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें किंमत सांगितली, आणि तें विकावें कीं ठेवावें याबद्दल आम्हां भावंडांत वाद माजला. ठेवावें म्हणणाऱ्यांचा सारा भर एका आख्यायिकेवर होता. ती अशी कीं, हें घड्याळ पणजोबांनीं १८९६ सालीं घेतलें. पुढें १८९७ च्या प्लेगांत घर सोडून मंडळी माळावर झोंपड्यांत राहावयास गेली, तेव्हां बंद घरांत तें आठ दिवस एकटेंच वाजत राहिलें. इतिहास शिकविणें हा आमचा धंदा असल्यामुळें निवाडा आमच्याकडे आला, व त्यासाठीं अमेरिकन घड्याळांचीं ओळखपुस्तकें मिळवून वाचणें भाग पडलें.

या पुस्तकांची गरज कां उत्पन्न झाली हें कळण्यास कनेक्टिकट संस्थानांत शिरावें लागतें. तेथें एली टेरी (१७७२–१८५२) नांवाचा घड्याळजी होता. १८०७ च्या सुमारास पोर्टर बंधूंशीं त्यानें तीन वर्षांत चार हजार घड्याळांचीं लांकडी यंत्रें पुरविण्याचा करार केला. कारागीर एकेक चाक हातानें कापीत असे त्या काळीं ही संख्या वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाहीं. टेरीनें पहिलें वर्ष पाण्याच्या जोरावर चालणारीं यंत्रें उभारण्यांतच घालविलें आणि मग एका घड्याळाचें चाक दुसऱ्यांत बसेल अशा रीतीनें भाग पाडण्यास आरंभ केला. करार पुरा झाला. १८१६ सालीं त्यानें फळीवर ठेवण्याजोग्या आटोपशीर घड्याळाचें पेटंट घेतलें. सेथ टॉमस हा प्रथम त्याच्याच हाताखालचा सुतार. त्यानें १८१३ पासून प्लिमथ हॉलो येथें स्वतःचा कारखाना चालविला. हें घड्याळ फेरीवाल्यांच्या गाडींतून गांवोगांव हिंडूं लागलें. १८३६ सालीं हॅलिबर्टननें आपल्या विनोदी ग्रंथाचा नायकच मुळीं असा एक घड्याळविक्या केला, यावरून त्या फेरीवाल्यांचा बोलबाला केवढा झाला होता तें दिसेल.

परंतु लांकडी चाकांना एक मोठा शाप होता. दमट हवेंत तीं फुगत, म्हणून समुद्र ओलांडणें त्यांस शक्य नव्हतें. हा अडसर चॉन्सी जेरोम यानें काढला. १८३८ च्या सुमारास त्यानें लाटलेल्या पितळेच्या पत्र्यांतून ठशानें कापलेलें स्वस्त यंत्र काढलें, व १८४२ मध्यें एक खेप इंग्लंडला धाडली. लिव्हरपूलच्या जकातवाल्यांस बीजकावरील किंमत इतकी कमी दिसली कीं, ही जकात बुडविण्याची युक्ति आहे असें समजून त्यांनीं तेथील नियमाप्रमाणें तीच किंमत व वर शेंकडा दहा देऊन सारा माल सरकारजमा केला. जेरोमला तर घरबसल्या गिऱ्हाईक मिळालें! त्यानें दुसरी खेप पाठविली. तीहि तशीच विकत घेतली गेली. तिसऱ्या वेळीं मात्र साहेब शहाणे झाले. एवढ्या चतुर मनुष्याचा शेवट दारिद्र्यांत व्हावा ही दैवाची थट्टा होय. १८५६ च्या सुमारास, सर्कशीमुळें पुढें जगप्रसिद्ध झालेल्या बार्नमशीं जोडलेल्या व्यवहारांत त्याची कंपनी बुडाली. दोघेहि दोष एकमेकांवर ढकलीत राहिले, आणि १८६८ मध्यें जेरोम निष्कांचन स्थितींत वारला.

आमच्या भिंतीशीं या इतिहासाचा संबंध येथें लागतो. पितळेचें स्वस्त यंत्र नसतें तर कोंकणांतल्या पावसाळ्यांत अमेरिकन घड्याळ एक आषाढहि टिकतें ना.

लक्षावधि घड्याळें, डझनावारी कारखाने, आणि एकानें बुडावें व दुसऱ्यानें त्याचेंच नांव पुढें चालवावें अशी रीत. त्यामुळें पुढच्या संग्राहकांना वाटाड्या लागला. १९२४ सालीं वॉलेस नटिंगचा, व १९५० सालीं ब्रुक्स पामरचा ग्रंथ निघाला. पामरचा ग्रंथ म्हणजे घड्याळजींची वर्णानुक्रमानें दिलेली जंत्रीच. तो एखाद्या घराण्याच्या कुलवृत्तांतासारखा वाचावा लागतो. पुढें ट्रॅन ड्यू ली या गृहस्थांनीं अन्सोनिया, सेथ टॉमस, वॉटरबरी अशा एकेका कारखान्यास एकेक जाडजूड पुस्तक वाहिलें. कारखान्यांनीं दुकानदारांसाठीं छापलेले जुने सूचीग्रंथ हा त्यांचा मुख्य आधार, आणि चित्राखालीं किंमत. आमच्या मतें यांतील चित्र हा इतिहास आहे व किंमत हें पंचांग आहे: पहिलें टिकतें, दुसरें वर्ष सरलें कीं शिळें होतें. म्हणूनच सुधारलेल्या किंमतींच्या पुरवण्या निराळ्या काढाव्या लागल्या.

या पुस्तकांनीं शिकविलेली पारख मात्र खरोखर आनंद देणारी आहे. पेटीच्या आंत चिकटविलेल्या कागदावर गांवाचें नांव पाहावें. 'प्लिमथ हॉलो' असेल तर घड्याळ जुनें. 'टॉमस्टन' असेल तर नंतरचें, कारण सेथ टॉमस १८५९ सालीं वारल्यावर गांवालाच त्याचें नांव मिळालें. कागदाच्या तळाशीं मुद्रकाचा पत्ता असतो. मुद्रकानें जागा बदलली कीं संशोधकाला साल सांपडतें. ताम्रपटावरील लेखकाच्या नांवावरून काळ ठरविणाऱ्या आमच्या पंडितांस ही पद्धत परकी वाटूं नये. सर्वांत गमतीची खूण सेथ टॉमस कंपनीची. सुमारें १८८१ ते १९१८ पर्यंत तिनें पेटीवर शाईनें सालाचे आंकडे उलटे छापले व महिन्यासाठीं एक अक्षर जोडलें. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. माल दुकानांत किती दिवस पडून आहे हें गिऱ्हाइकाला कळूं नये हाच यांतला हेतु असावा असा आमचा तर्क आहे.

आम्हीं घड्याळ उतरविलें, व विजेरी घेऊन पाठ न्याहाळली. पुसट झालेले आंकडे दिसले: ५०९१, व पुढें एच. म्हणजे ऑगस्ट १९०५! आख्यायिकेचा पायाच निसटला. पेटी एकीची व यंत्र दुसरीचें असा जोडविवाह व्यापारी वारंवार लावतात. मुंबईच्या चोरबाजारांत अशीं जोडपीं पुष्कळ दिसतात. त्याची खूण म्हणजे लांकडांतील रिकामीं राहिलेलीं स्क्रूचीं भोकें. तीं आम्हीं शोधलीं. एकहि आढळलें नाहीं. यंत्र व पेटी जन्माचीं सोबती होतीं.

किंमतीची कथा लांबविण्याजोगी नाहीं. तीस वर्षांपूर्वींच्या पुस्तकांतील आंकडा पाहून आमच्या धाकट्या बंधूंचे डोळे विस्फारले. अलीकडच्या लिलावांतील आंकडा पाहून ते मिटले. एकेकाळीं भरपूर झालेल्या मालाला संग्राहक कमी पडूं लागले कीं भाव उतरणारच. शिवाय छापील किंमत मूळ तबकडी व अखंड कागद असलेल्या घड्याळाची असते; आमची तबकडी मागें कोणीं तरी रंगविलेली आहे. व्यापाऱ्यानें सांगितलेली रक्कम वाजवी होती हें आम्हांस कबूल करावें लागलें.

निकाल सांगण्यापूर्वीं आम्ही नव्वदी गांठलेल्या आत्यांकडे गेलों आणि भीत भीतच १९०५ साल त्यांच्या कानीं घातलें. त्यांना कांहींच वाटलें नाहीं. त्या म्हणाल्या, "अरे, आजीनं साल कधी सांगितलंच नव्हतं. ती नुसतं 'प्लेगात' म्हणायची. साल दादानं लावलं."

दादा म्हणजे आमचे वडील. प्लेग म्हटला कीं १८९७ हें त्यांच्या मनांत पक्कें बसलेलें. रँडच्या वधाचें तें वर्ष सुशिक्षित मराठी माणसाला विसरतां येत नाहीं. पण प्लेग पुण्यांत एकदांच आला नव्हता. १९०५ नंतरहि कित्येक वर्षें तो पुनःपुनः येत राहिला व लोक गांवाबाहेर जात राहिले. पाठ्यपुस्तकांतलें एकच वर्ष धरून बसण्याची चूक आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईनें दाखवीत आलों, आणि घरांत तीच चाळीस वर्षें ऐकत राहिलों.

व्यापाऱ्यास नकार कळविला आहे. घड्याळ सध्यां धाकट्या बंधूंकडे असून दर रविवारीं सकाळीं ते त्यास किल्ली देतात.