ढगांतून बर्फ वेगळा काढताना

ध्रुवीय समुद्रावर हिवाळाभर अंधार, आणि उजेड असतो तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं. साध्या कॅमेऱ्याचं तिथे फारसं चालत नाही. म्हणून डिसेंबर १९७२मध्ये 'नासा'ने सोडलेल्या निम्बस-५ उपग्रहावर मायक्रोवेव्ह लहरी टिपणारं उपकरण होतं. १९ गिगाहर्ट्झला मोकळं पाणी शंभर-सव्वाशे केल्विनचं भासतं, हिवाळ्यातला कोवळा बर्फ अडीचशेच्या घरात. याच फरकामुळे १९७४ ते १९७६च्या हिवाळ्यांत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात, बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर उघडं पाणी दिसलं.

पण हवामान मधे लुडबुड करी. वाऱ्याने समुद्र खवळला, फेसाळला की त्यातून निघणाऱ्या लहरी वाढतात. बाष्प आणि ढगांतले थेंब आणखी भर घालतात. मग बर्फाचा मागमूस नसलेल्या समुद्रावरही नकाशात बर्फ उगवायचा. एकाच वारंवारतेवर मोजणाऱ्या उपकरणाला हा खोटा बर्फ ओळखता येईना.

ऑक्टोबर १९७८मध्ये गेलेला निम्बस-७ पाच वारंवारतांवर मोजत होता. त्या मोजमापांतून पेर ग्लोअरसन आणि डोनाल्ड कॅव्हलिएरी यांनी १९८६मध्ये एक चाळणी मांडली. ढगातल्या थेंबांमुळे ३७ गिगाहर्ट्झचं मोजमाप १८च्या मानाने जास्त फुगतं. बर्फावर मात्र ते १८च्या आसपास किंवा खालीच राहतं. दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागायचं. उत्तर ०.०७च्या वर गेलं, की तिथला बर्फ शून्य.

१९८७मध्ये अमेरिकी लष्करी हवामान उपग्रहावर नवं उपकरण गेलं. त्याची १९.३५ गिगाहर्ट्झची वाहिनी बाष्पाच्या २२ गिगाहर्ट्झच्या रेषेला अधिक जवळ होती, त्यामुळे बाष्पाचा त्रास वाढला. २२ आणि १९ची दुसरी चाळणी लावावी लागली.

या चाळण्यांची किंमतही आहे. कडेचा विरळ, खराखुरा बर्फही खोट्या बर्फासोबत पुसला जातो. उरलासुरला खोटा बर्फ काढायला समुद्राच्या तापमानाचा आधार घ्यावा लागतो. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळपाण्याची डबकी तर मोकळ्या समुद्रासारखीच दिसतात. त्यांवर या चाळण्यांचा इलाज नाही.

तरीही नोंदींची साखळी तुटलेली नाही. १९८७च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही आठवडे जुनं आणि नवं उपकरण एकाच वेळी मोजत होतं. त्या आठवड्यांवरून दोन्हींचे आकडे जुळवले गेले. सप्टेंबर १९७९चा आर्क्टिक बर्फ सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर, सप्टेंबर २०१२चा नीचांक सुमारे ३४ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात ते या जुळवणीमुळे.