कार्ल्याचें लेणें आणि मुलांचा इतिहास

इतिहासाचें नांव काढलें कीं मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांत दोष मुलांचा नाहीं. वंशावळी आणि सनांच्या याद्या त्यांच्यापुढें टाकून आपण मोकळे होतों. पुस्तक उघडण्यापूर्वीं मुलांना एकदां कार्ल्याच्या लेण्यांत न्यावें, असें माझें शिक्षकी पेशांतील अनुभवावरून मत झालें आहे.

मुंबई-पुणें मार्गावरील मळवली स्टेशनापासून हें लेणें दूर नाहीं. एकवीरा देवीच्या दर्शनाला असंख्य माणसें ही टेकडी चढतात. देवळालगतच्या चैत्यगृहांत मात्र क्षणभर डोकावून परत फिरणारींच फार. सुमारें २००० वर्षांपूर्वीं डोंगराच्या पोटांत कोरलेलें तें दालन १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद आहे. तेथें मुलांना प्रथम कांहींच सांगूं नये; थोडा वेळ मोकळें हिंडूं द्यावें. मग वर पाहावयास सांगावें. छताखालीं लांकडाच्या कमानदार फासळ्या दिसतील. दगडाच्या छताला लांकडाचा आधार कशासाठीं? मुलें नाना उत्तरें देतात. तीं सर्व ऐकून घ्यावींत. वास्तविक आधार म्हणून त्या फासळ्यांचा कांहींच उपयोग नाहीं. त्या काळच्या इमारती लांकडी असत. कारागिरांचे हात आणि लोकांचे डोळे त्याच घडणीला सरावलेले होते. त्या इमारती कुजून, जळून गेल्या. त्यांचें रूप येथें शिल्लक राहिलें. पुरावा म्हणजे काय, हें मुलाला असें कळतें. व्याख्या पाठ करून तें कळत नाहीं.

याहून मौज आहे ती लेखांत. ते ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. एका खांबावर शेवटीं 'थभो दानं' असें आहे. म्हणजे स्तंभाचें दान. देणारा कोण? धेनुकाकट गांवचा सिहधय नांवाचा यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडील परदेशी! त्याच गांवच्या सिंहदत्त नांवाच्या सुगंधी द्रव्यें विकणाऱ्या गंधिकानें एक दार दिलें. एक दार तर सामि नांवाच्या सुतारानें घडविलें, आणि आपलें नांव दगडावर ठेविलें. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी सांगतो कीं, जंबुद्वीपांत उत्तम असें हें शैलगृह आपण पुरें केलें. बढाई खरी, पण लेणें पाहिल्यावर ती क्षम्य वाटते.

राजे यानंतर सांगावेत. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें येथील भिक्षूंना करजिक गांव दिलें. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचें राज्य मोडलें. तरी सातवाहनांच्या लेखांत मामाल येथील अमात्याला आज्ञा आहे कीं, हेंच गांव भिक्षूंकडे द्यावें. मामाल म्हणजे आपलें मावळ. राज्य पालटलें, शत्रूचें दान कां पालटलें नाहीं? हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला खुशाल विचारावा.

लेखांना हात मात्र लावूं देऊं नये. अक्षरें पाहून वहींत उतरवून घ्यावींत. ब्राह्मीचा 'क' अधिकाच्या चिन्हासारखा असतो, 'ठ' निव्वळ वर्तुळ. एकदां 'क' ओळखूं आला कीं मुलें तो खांबाखांबावर शोधीत सुटतात. धेनुकाकट या नांवांत तर तो त्यांना दोनदां सांपडतो.