मोंबासाच्या पाण्यात वसईचे जहाज

वसईच्या माणसाला किल्ल्याचे अप्रूप ते काय! आमच्या लहानपणी चेंडू हरवला, तर तो फिरंग्यांच्या कुठल्यातरी पडक्या देवळात शोधायचा. आणि चिमाजी अप्पांची मोहीम मास्तरांनी शिकवण्याआधीच आजीच्या तोंडून पाठ झालेली असायची. म्हणून गेल्या वर्षी केनियात, नैरोबीला भाच्याकडे गेलो असता, “मामा, मोंबासाचा किल्ला तरी पाहून या,” असे तो म्हणाला, तेव्हा मला हसूच आले. त्याला रजा मिळेना. शेवटी मी एकटाच आगगाडीत बसलो, आणि रात्री मोंबासाला उतरलो.

मोंबासा हे बेट आहे. सकाळी जुन्या शहरात शिरलो. तिथल्या प्रमुख रस्त्याचे नाव ‘न्दिया कुऊ’, म्हणजे मोठा रस्ता. नावाने मोठा, रुंदीने आमच्या आळीएवढाच! दोन्ही अंगांना कोरीव दरवाजे, वर लाकडी सज्जे. एका दुकानापाशी टेकलो, तर कानांवर ओळखीचे शब्द येऊ लागले. पैशाला ते ‘पेसा’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, रंगाला ‘रांगी’, आणि चपातीला चपातीच. परक्या गावात एकटा हिंडणाऱ्याला एवढी ओळखही पुष्कळ होते.

हे शब्द इथे आले ते वाऱ्याबरोबर. दिवाळी उलटली, की ईशान्येचा वारा धरून आपल्या किनाऱ्यावरची गलबते इकडे येत, आणि एप्रिलनंतर नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत फिरत. स्वाहिली भाषेत या वाऱ्यांना ‘कास्काझी’ आणि ‘कुसी’ अशी नावे आहेत. याच किनाऱ्यावर १४९८ च्या एप्रिलात वास्को द गामा आला. मोंबासात त्याचे जमले नाही. तो पुढे मालिंदीला गेला, तिथे त्याला वाटाड्या मिळाला, आणि त्याची जहाजे कालिकतला लागली. पुढचे आपण जाणतोच.

किल्ल्याच्या दाराशी पोचलो तेव्हा ऊन चढले होते. ‘फोर्ट जीझस’, येशूचा किल्ला. १५९३ साली पोर्तुगीजांनी त्याचे काम सुरू केले. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या स्थापत्यकाराचा; पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखाचा हा मुख्य स्थापत्यकार १५९६ साली गोव्यात वारला. तट प्रवाळाच्या दगडाचा. त्या कोनाकोनांच्या बुरुजांवरून हात फिरवताना मला सारखे वाटत होते, की आपण घरीच आलो आहोत. १८९५ पासून १९५८ पर्यंत इंग्रजांनी इथे तुरुंग ठेवला होता. आमच्या ठाण्याच्या किल्ल्याचेही तेच झाले! आता इथे संग्रहालय आहे.

त्या संग्रहालयात एका पाटीपुढे माझे पाय थबकले. ‘सांतो अंतोनियो द तान्ना’ नावाचे पोर्तुगीज लढाऊ जहाज; बांधणी वसई, सुमारे १६८०. तान्ना म्हणजे आपले ठाणे. ठाण्याच्या संत अँटनीचे नाव घेऊन, वसईत बांधलेले जहाज इथे काय करीत होते?

हकीकत अशी. १६९६ च्या मार्चात ओमानच्या अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला. आत अन्न तुटले, रोगाने माणसे पटापट मरू लागली. गोव्याहून कुमक निघाली आणि वर्षाच्या अखेरीस पोचली. तिचे मुख्य जहाज हेच. मधे ते मोझांबिककडे जाऊन पुन्हा आले, आणि १६९७ च्या ऑक्टोबरात किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडाले. पुढे वर्षभराने, १६९८ च्या डिसेंबरात, मूठभर माणसे उरलेला किल्ला अरबांनी घेतला. पोर्तुगीजांनी १७२८ साली तो परत मिळवला, पण पुढच्याच वर्षी कायमचा गमावला. त्यानंतर दहा वर्षांनी, १७३९ साली, आमची वसई पडली.

१९७७ ते १९८० या काळात पाणबुड्यांनी जहाजाचा तळ उकरून चिनी मातीची भांडी, रांजण, तोफा अशा हजारो वस्तू वर आणल्या. सांगाडा मात्र वाळूने झाकून तिथेच ठेवला.

बाहेर बुरुजावर एक म्हातारा पहारेकरी बसला होता. मी खुणेने आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, “बाबा, ते जहाज कुठे?” त्याने काठीने खालचे पाणी दाखवले. मी म्हटले, “ते माझ्या गावचे.” तो माझ्याकडे बघतच राहिला, मग बाजूला सरकून त्याने मला बसायला जागा दिली, आणि आपल्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. भाषा संपली होती. आम्ही दोघे पाण्याकडे बघत बसलो.

वसईच्या फिरंगी देवळांतल्या घंटा आपण विजयाची खूण म्हणून नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला त्या अजून टांगलेल्या आहेत. आपण त्या अभिमानाने दाखवतो. पण हे जहाजही त्याच वसईचे. त्याचे सागवान तासणारे, सांधी बुजवणारे हात आमच्याच किनाऱ्यावरचे असणार. सेनापतीचे नाव कागदोपत्री राहिले, सुतारांपैकी एकाचेही नाव त्या पाटीवर नव्हते. जिंकलेल्यांचा इतिहास मला लहानपणापासून पाठ होता. राबलेल्यांची आठवण व्हायला मात्र समुद्र ओलांडावा लागला, याची त्या संध्याकाळी मला लाज वाटली.

घरी आलो. दिवाळीत नातवाने अंगणात मातीचा किल्ला केला, अर्थात वसईचाच. मी परातीत पाणी भरून एक लाकडी होडी सोडली आणि ही सारी गोष्ट त्याला सांगितली. त्याने विचारले, “आजोबा, हे जहाज आपल्या बाजूला ठेवायचे, की फिरंग्यांच्या?”

मी म्हटले, “बाळ, चालवणारे ते होते, बांधणारे आपले.”

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग मधोमध ठेवू या.” आणि एक पणती उचलून त्याने परातीच्या काठाशी लावली.